आजोळकडून खेळणारा

अप्पू परीक्षा संपवून कोचीहून आला होता. ताईचा मुलगा, अकरा वर्षांचा. २०२५ चा मार्च, २५ तारीख, संध्याकाळी सातचा सामना. शिलाँगला भारत विरुद्ध बांगलादेश, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतला. खिडक्या सताड उघड्या टाकूनही घरात उकडत होतं. अप्पू जमिनीवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. सुनील छेत्री निवृत्ती मागे घेऊन नुकताच परतला होता, त्यामुळे सुरुवातीला दोघांचेही डोळे त्याच्यावरच. पण दहा-पंधरा मिनिटांत अप्पूची नजर दुसऱ्याच माणसावर जाऊन बसली. बांगलादेशचा मिडफिल्डर, डोक्यावर कुरळ्या केसांचा हा एवढा मोठा भारा. कुठेही दिसला तरी लगेच ओळखू यावा असा. तो फारसा धावतोय असं वाटायचं नाही, पण आपला एखादा पास निघाला की त्याच्या वाटेत हा आधीच उभा. चेंडू काढून घ्यायचा, जवळच्याला द्यायचा, पुन्हा दोन पावलं मागे.

"मामा, हा खरा बांगलादेशी आहे का?"

"छे रे. इंग्लंडचा आहे. आणलाय त्यांनी."

अप्पू नुसतं "अच्छा" म्हणाला आणि पुढची फोड तोंडात टाकली. सामना गोलशून्य सुटला. आपण घरच्या मैदानावर खेळत होतो, समोरचा संघ क्रमवारीत आपल्या बराच खाली, आणि तरी शिट्टी वाजली तेव्हा मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. टीव्ही बंद केला, ताटं मांडली, अप्पूने नेहमीप्रमाणे आमटीत भात कालवायच्या आधी आमटीच वाटीने पिऊन टाकली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द परत आला. आणलाय.

आमच्या शेजारच्या आजी दर सुट्टीत अप्पूचा गाल धरून म्हणतात, "अगंबाई, मराठी किती छान बोलतो हा!" मनापासून म्हणतात, त्यांच्या मनात काही वावगं नसतं. अप्पू हसतो. पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्या हसण्यात एक क्षण जास्त लागतो, तो माझ्या लक्षात आलाय. मराठी त्याच्या आईची भाषा आहे. ती तो शिकला नाही, ती त्याला दुधाबरोबर मिळाली. त्याच्याऐवजी आमच्या समोरच्या घरातल्या मुलाला कोणी म्हणेल का, मराठी छान बोलतोस म्हणून? अप्पूचे वडील मल्याळी, आडनाव तिकडचं, रंग तिकडचा असं लोक म्हणतात, म्हणून कौतुक. लपाछपीत राज्य आलं की तो भिंतीकडे तोंड करून "ओन्नु, रण्डु, मून्नु" असं मोजतो, आणि धावताना पायाला ठेच लागली की "आई गं" म्हणतो. यातलं खरं कुठलं, असं त्याला कोणी विचारलं तर तो काय सांगणार? आणि मी, त्याचा सख्खा मामा, त्याच्यासमोर बसून एका माणसाचा निकाल चार शब्दांत लावून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या कुरळ्या केसांच्या मिडफिल्डरबद्दल, हमझा चौधरीबद्दल, मिळेल ते वाचायला, बघायला लागलो. लफबरो नावाच्या लेस्टरजवळच्या गावात १ ऑक्टोबर १९९७ चा जन्म. आई बांगलादेशी. जन्मदाते वडील कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचे. वाढवलं ते सावत्र वडिलांनी. तेही बांगलादेशी, हमझा 'चौधरी' हे आडनाव लावतो ते त्यांचंच. म्हणजे जन्माचा देश एक, आईचा दुसरा, वडिलांचा तिसरा. तिन्हीकडून खेळायची वाट त्याला मोकळी होती. लहानपणीच लेस्टर सिटीच्या अकादमीत गेला. २०१६ मध्ये लेस्टरने जगाला चकित करून प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा हा पोरगा बर्टन अल्बियन या छोट्या क्लबाकडून उसनवारीवर खेळून पाय घट्ट करत होता. २०१७ च्या नोव्हेंबरात टॉटनहॅमविरुद्ध त्याला प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरवलं. बांगलादेशी मुळाचा खेळाडू त्या लीगमध्ये याआधी कोणी खेळलेला नव्हता.

त्याची जागा मला फार जवळची आहे. कॉलेजात मी तिथेच खेळायचो, बचावफळीच्या पुढ्यात, मधोमध. आमचे सर त्याला सेंटर हाफच म्हणायचे. या जागेवरच्या माणसाचं काम टाळ्या मिळवायचं नसतं. गोल करणाऱ्याचं नाव होतं, गोल अडवणाऱ्याचं होतं, मधला माणूस मात्र घरातल्या कर्त्या बाईसारखा, सगळं सुरळीत चाललंय तोवर कोणाला दिसत नाही. हमझाचं टॅकल मी पुन्हा पुन्हा बघितलं. समोरचा चेंडू घेऊन येताना हा सरळ अंगावर जात नाही. तिरका धावतो, त्याला रेषेकडे ढकलत नेतो, एक पाऊल मागे राहतो, आणि चेंडू त्याच्या पायापासून वीतभर सुटला रे सुटला की आडवा पाय. गवतावरून घसरत गेलेला तो पाय आणि चेंडूचा तो जाड, भरीव आवाज. उठतो तेव्हा चेंडू त्याच्याजवळ असतो. हे बरोबर जमलं तर कला आहे. अर्ध्या सेकंदाने चुकलं तर समोरच्याचा घोटा.

ते चुकलंही एकदा, आणि फार वाईट वेळी. २०१९ चा जून, इटलीत २१ वर्षांखालील युरो स्पर्धा, इंग्लंड विरुद्ध फ्रान्स. हमझा इंग्लंडच्या शर्टात. उशिरा गेलेला पाय, पंचांनी पडद्यावर पुन्हा बघितलं आणि लाल कार्ड. दहा जणांचा इंग्लंड अगदी शेवटच्या मिनिटांत स्वतःच्याच जाळीत गोल करून हरला. त्या वयात असा एक सामना माणसाच्या मागे किती वर्षं लागतो ते ज्याचं त्याला माहीत. मोठ्या इंग्लंड संघाचं बोलावणं त्याला कधीच आलं नाही. पण क्लबात तो टिकून राहिला. २०२० च्या पहिल्याच दिवशी न्यूकासलविरुद्ध लांबवरून मारलेला त्याचा गोल बघा, मधल्या माणसाने वर्षानुवर्षं साठवून ठेवलेलं सगळं त्या एका फटक्यात आहे. २०२१ च्या मे महिन्यात वेम्बलीवर लेस्टरने चेल्सीला हरवून क्लबाच्या इतिहासातला पहिला एफए कप जिंकला, तेव्हा शेवटी शेवटी बदली म्हणून तो मैदानात होता. मग वॉटफर्डला उसना, मग शेफिल्ड युनायटेडला उसना. सत्तावीस वर्षांचा झाला. आता नाही तर कधी, अशा वयाला आला.

२०२४ मध्ये त्याने बांगलादेशचा पासपोर्ट काढला, डिसेंबरात फिफाची परवानगी मिळाली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये, १७ तारखेला, तो बांगलादेशातल्या सिल्हेटच्या विमानतळावर उतरला. त्या दिवसाची दृश्यं मी कितीदा पाहिली असतील. धक्काबुक्की, घोषणा, तोंडासमोर खुपसलेले माईक, आणि मधोमध तो केसांचा भारा, किंचित गोंधळलेला. कोणीतरी भारताविरुद्धच्या सामन्याबद्दल विचारतं. तो अडखळत, पण सरळ सिल्हेटीत, त्या भागातल्या बोलीत, सांगतो की इन्शाल्ला, 'आमरा उइन खरमु'. आम्ही जिंकू. जिंकण्यासाठी शब्द इंग्रजी, करण्यासाठी शब्द सिल्हेटी, आणि तोही ढाक्याच्या प्रमाण बंगालीतला 'क' नव्हे, त्या मुलखातला घशातून येणारा 'ख'. तो 'ख' पुस्तकातून येत नाही. तो स्वयंपाकघरात, आईच्या पायात घुटमळताना येतो. लहानपणापासून घरचे त्याला तिकडे नेत आले होते, हबीगंज जिल्ह्यातल्या गावच्या घरी. विमानतळावरून तो गेलाही आधी तिथेच.

तेव्हा मला शब्द सापडला. तो मला लगेच का सुचला नाही याचंच नवल वाटतं, कारण तो माझ्याच घरात दर उन्हाळ्यात नांदत असतो. आजोळ. हमझा आजोळकडून खेळतो.

माणूस आजोळी पाहुणा असतो आणि नसतोही. त्याचं नाव तिथल्या सातबाऱ्यावर नसतं, आडनाव वेगळं असतं, पण कोनाड्यात काय ठेवलंय ते त्याला माहीत असतं. आजोळी कोणी कोणाला 'आणत' नाही. जातो आपण. हक्काने जातो, आणि तरीही परतीचं तिकीट खिशात असतं. त्या तिकिटामुळेच आजोळच्या माणसांचा जीव जास्त तुटतो. सिल्हेटच्या विमानतळावरच्या त्या गर्दीत मला ते दिसलं. हा परत जाणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ती झुंबड.

आता माझी खरी अडचण सांगतो. ती अराताची.

२००९ ते २०१४ च्या दरम्यान ज्यांनी बालेवाडीत पुणे एफसीचे सामने पाहिलेत त्यांना नाव सांगायची गरज नाही. दुपारी उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र घालून आम्ही बसायचो. स्टेडियम एवढं अवाढव्य आणि माणसं एवढी विरळ की खेळाडूंची एकमेकांना मारलेली हाक वरपर्यंत ऐकू यायची. अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती. जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा. कोलकात्यात ईस्ट बंगाल, मुंबईत महिंद्रा युनायटेड असं करत तो पुण्यात आला होता. मधून किंवा किंचित पुढून खेळायचा. चेंडू येण्याआधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून बघायचा, प्रत्येक वेळी, न चुकता. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ असायचे. ते म्हणायचे, रस्ता ओलांडताना पोरांनी असं बघावं. पहिल्या स्पर्शातच त्याचं अंग पुढच्या पासाच्या दिशेला वळलेलं असायचं. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये आपण दुसरे आलो, त्या मोसमातला तो आनंद अजून अंगावर आहे. आणि आम्ही सगळे त्याला काय म्हणायचो? आपला अराता. मनात एकदाही प्रश्न आला नाही. 'आणलाय' हा शब्द त्याच्या बाबतीत माझ्या तोंडून निघाला असता तर मीच स्वतःला टोकलं असतं.

मग हमझाला वेगळा न्याय का लावला? शिलाँगला तो आपल्या विरुद्ध उभा होता, हे पहिलं कारण, आणि ते मान्य करायला फार धीर लागत नाही. दुसरं कारण जास्त खोल आहे. अराताने किंमत मोजली होती. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही, आणि २००८ पासूनच्या क्रीडा मंत्रालयाच्या धोरणाप्रमाणे भारताचा पासपोर्ट असल्याशिवाय देशाकडून खेळता येत नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. जपानही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणाऱ्याला आपलं ठेवू देत नाही. अराताने २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं. नीलकंठ हे त्याचं भारतीय नाव. ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताच्या शर्टात उतरला. वय तीस. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळणारा तो पहिलाच फुटबॉलपटू. ताईचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भावजी त्या सामन्याला गेले होते. मी फोन करून विचारलं, आपला अराता कसा खेळला? सामना आपण २-४ असा हरलो होतो, पण भावजी आधी अराताबद्दलच बोलले.

त्या काळी मला ही गोष्ट फार उदात्त वाटायची. बापाच्या देशासाठी त्याने सगळं सोडलं, हे मी चार लोकांत छाती फुगवून सांगायचो. काय सोडलं याचा हिशेब मी कधी केला नव्हता. तो मार्चच्या त्या रात्री, आजोळ हा शब्द हाती लागल्यावर झाला. अराताचं आजोळ म्हणजे जपान. नुसतं आजोळच नव्हे, जन्मगावही तेच. भारतीय पासपोर्टवर जपानला जायचं तर व्हिसा लागतो. म्हणजे ज्या गावात तो जन्मला, जिथे त्याच्या आईची भाषा रस्त्यावर बोलली जाते, तिथे जाण्यासाठी त्याला यापुढे अर्ज भरावा लागणार, फोटो चिकटवावा लागणार, परतीची तारीख लिहावी लागणार. आपल्या नियमांमागे विचार आहे, हे मी नाकारत नाही. संघात येणाऱ्याची बांधिलकी पक्की हवी, ही अपेक्षाही समजते. पण बांधिलकी मोजायला आईचं दार बंद करायला लावणं हे एकच माप आपल्याकडे असावं याचं मला दुःख होतं. हमझाला ते करावं लागलं नाही. बांगलादेशने त्याला ब्रिटनचा पासपोर्ट खाली ठेवायला सांगितलं नाही. त्याच्याआधी कितीतरी वर्षं, २०१३ पासून, डेन्मार्कमध्ये जन्मलेला जमाल भुयान बांगलादेशच्या मिडफिल्डमध्ये खेळतोय, पुढे कर्णधारही झाला. त्यांच्याकडे ही वाट आधीपासून मळलेली होती.

पुण्याचा तो क्लब पुढे बंद पडला. त्यानंतरचा दुसराही पडला. अराता कोलकात्याकडून इंडियन सुपर लीग खेळला, मग पुण्यात परत आला, मग केरळकडून खेळला, आणि खेळणं थांबवल्यावर नवी मुंबईत पोरांना शिकवायला लागला. जपानला परतला नाही. शिकवताना त्या पोरांना मान डावी-उजवीकडे वळवून बघायला लावत असेल का?

मे महिन्यात अप्पू परत जायच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं रे. त्या हमझाला कोणी आणलं नाही. तो त्याच्या आजोळकडून खेळतो."

अप्पू बॅगेत बूट कोंबत होता. त्याने विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे सुट्टी लागली की खेळतो?"

मी हसलो, आणि मग हसता हसता थांबलो. कारण पोरगं बरोबर बोललं होतं. क्लबांच्या लीगला मधून मधून खंड पडतो, मार्चमध्ये, जूनमध्ये, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरमध्ये, आणि त्या खंडातच देशांचे सामने असतात. शनिवार-रविवार शेफिल्ड नाहीतर लेस्टर, थंडी, पाऊस, पोटापाण्याचं फुटबॉल. सुट्टी लागली की विमान पकडून आईच्या देशात. वेम्बलीवर शेफिल्ड युनायटेड बढतीचा अंतिम सामना २४ मेला हरलं. ४ जूनला हमझा ढाक्यात होता आणि भूतानविरुद्ध सहाव्याच मिनिटाला त्याने डोक्याने गोल केला, बांगलादेशसाठीचा पहिला. ऑक्टोबरात हाँगकाँगविरुद्ध फ्री किकवर गोल, पण सामना ३-४ असा गेला. नोव्हेंबरात नेपाळविरुद्ध पाठमोरं उडून, पाय डोक्याच्या वर नेऊन मारलेला गोल. इंग्लंडमध्ये आयुष्यभर चेंडू अडवत राहिलेला माणूस आजोळी येऊन गोल करायला लागला. आजोळी पोरं अशीच जरा सैल सुटतात, घरी जे करणार नाहीत ते करतात. अप्पू कोचीत झाडावर चढत नाही, इथे आला की पेरूच्या झाडावरून खाली उतरत नाही.

१८ नोव्हेंबरला पुन्हा भारत-बांगलादेश, यावेळी ढाक्यात. दोन्ही संघांचं स्पर्धेतलं आव्हान तोवर संपलं होतं, पण हा सामना त्याने लहान होत नाही. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आईकडून मुंबईचा असलेला रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला होता, पण कागदपत्रं वेळेत पूर्ण झाली नाहीत आणि तो ढाक्यात खेळू शकला नाही. आजोळासाठी घर सोडणारा तो, आणि घरासाठी आजोळ सोडणारा अराता. मी त्या दोघांचा विचार करत टीव्ही लावला. अप्पू तिकडे कोचीत, व्हिडिओ कॉल चालू, फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला त्याचं अर्धंच तोंड आणि मागचा पंखा दिसत होता. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला. मग आपण बरोबरी साधायला धडपडत राहिलो. पहिल्याच अर्ध्यात एकदा त्यांचा गोलरक्षक जागा सोडून बाहेर आला, आपल्या छांगतेने मोकळ्या जाळीकडे चेंडू मारला, आणि कुठून कोण जाणे, हमझा तिथे होता. डोकं लावून त्याने चेंडू बाहेर काढला. फोनमधून अप्पूचा मोठा ओरडा ऐकू आला. मीही ओरडलो होतो.

सामना १-० असाच संपला. बांगलादेशने भारताला बावीस वर्षांनी हरवलं. पडद्यावर लोक उड्या मारत होते, आपली पोरं खाली माना घालून चालत होती, आणि माझ्या घशात आवंढा होता. अप्पू बराच वेळ काही बोलला नाही.

"ओरडलास ना मघाशी? त्याने बॉल काढला तेव्हा?" मी विचारलं.

"हो."

"गोल गेला म्हणून?"

"माहीत नाही मामा. तू का ओरडलास?"

मला सांगता आलं नाही. तेवढ्यात आतून ताईची हाक आली, "वा मोने, चोर उण्णाम." जेवायला ये बाळा, एवढं मलाही आता कळतं. अप्पूने मान मागे वळवली आणि ओरडून म्हणाला, "आलो गं आई, मामाशी बोलतोय."